फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवताना : पेटीपेक्षा चिमणीचे काम मोठे

इंग्लंडमधील जुन्या विटांच्या घरांत बैठकीच्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडावजा शेगडी बांधलेली असते. तिला तिकडे फायरप्लेस म्हणतात. तिच्यावरून भिंतीच्या पोटातून विटांची चिमणी निघून छपराबाहेर जाते. एकेकाळी अशा शेगड्यांत कोळसा जळत असे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचे जीवघेणे धुके पसरले, त्यात हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे समुद्रातला गॅस घरोघरी पोहोचला तेव्हा बहुतेक शेगड्या फळ्या ठोकून बंद करण्यात आल्या. त्याच शेगड्या आता पुन्हा उघडल्या जात आहेत. २०२२ मध्ये गॅस आणि विजेचे दर भडकल्यानंतर तर लाकडावर चालणाऱ्या इन्सर्टची चौकशी खूपच वाढली.

इन्सर्ट म्हणजे ओतीव लोखंडाची किंवा पोलादी जाड पत्र्याची पेटी. तिला पुढून काचेचे दार असते. ती शेगडीच्या कोनाड्यात आत सरकवून बसवतात, लाकूड आत जळते आणि उष्णता काचेतून व पेटीच्या अंगातून खोलीत येते.

कोकणातून जाऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांना अशी जुनी घरे अपरिचित नाहीत. गवंडीकाम, प्लंबिंग, पत्र्याचे काम करणाऱ्यांना तिथे या कामाची विचारणा होते. इथून नव्याने जाणाऱ्या मिस्त्र्यालाही ती कधी ना कधी होणारच. म्हणून या पानावर या विषयाची थोडी तपशीलवार माहिती देत आहोत. दुकानदार इन्सर्टची पेटी विकतो आणि मोकळा होतो. खरे काम, खरी मजुरी आणि खरा धोका चिमणीत असतो, आणि ते काम गवंड्याच्या वाट्याला येते.

आपल्याकडील गवंड्याला चिमणीची सवय कमी, याचे कारण उघड आहे. कोकणातल्या घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो, वासे काळे होतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. चिमणीशी खरा संबंध आला तो आपल्या बेकरीवाल्यांचा. भट्टीची चिमणी ओढत नसेल तर पाव कसा होतो हे त्यांना विचारावे. (मुंबईच्या बेकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.)

मोठी चिमणी चांगली, हा समज

उघड्या शेगडीत लाकूड जळते तेव्हा खोलीतली हवा भसाभस चिमणीत जाते. जळणाची बरीचशी उष्णता तिच्याबरोबर वर निघून जाते. फार तर चौथा किंवा तिसरा हिस्सा घरमालकाच्या वाट्याला येतो. काऊंट रमफर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञाने १७९६ मध्येच दाखवून दिले होते की शेगडीचे तोंड आणि चिमणीचा गळा गरजेपेक्षा फार रुंद ठेवले जातात. त्याने गळा अरुंद केला आणि शेगड्या कमी धुरकट होऊन जास्त ऊब देऊ लागल्या.

इन्सर्टमध्ये हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे होते. दार बंद असते, हवा मोजून आत घेतली जाते आणि उष्णतेचा सुमारे पाऊण हिस्सा खोलीत राहतो. ग्राहक यासाठीच पैसे मोजतो. पण याची दुसरी बाजू अशी की चिमणीत जाणारा धूर आता थोडा असतो आणि उघड्या शेगडीच्या मानाने थंड असतो.

जुन्या इंग्रजी घरातली चिमणी आतून साधारण नऊ इंच बाय नऊ इंच असते. म्हणजे तिचे पोट ८१ चौरस इंच झाले. सहा इंची गोल नळीचे पोट सुमारे २८ चौरस इंच असते. थोडा आणि कमी गरम धूर या जवळजवळ तिप्पट मोठ्या, थंड विटांच्या पोकळीत सोडला की तो रेंगाळतो. त्याची ओढ कमी होते. वाटेत तो निवतो, त्यातली वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश विटांवर बसतो. या डांबरी काजळीला क्रिओसोट म्हणतात. थरावर थर चढतात आणि एखाद्या थंडीच्या रात्री पेटी जोरात पेटवली की हा थरच पेट घेतो. चिमणीतली आग ज्याने पाहिली आहे तो सांगेल की आवाज वादळासारखा येतो. विटांच्या सांध्यांतला चुना जुना होऊन झडलेला असेल तर ती आग माळ्यावरच्या लाकडी तुळयांपर्यंत पोहोचते.

आगीपेक्षाही गुपचूप येणारा धोका कार्बन मोनॉक्साईडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. चिमणीच्या भेगांतून तो वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत शिरतो. टेरेस घरांत तर दोन घरांच्या चिमण्या एकाच भिंतीत शेजारी शेजारी असतात आणि मध्ये फक्त एका विटेची पडदी असते. ती फुटलेली असेल तर तुम्ही बसवलेल्या पेटीचा वायू शेजाऱ्याच्या घरात जातो. त्या शेजाऱ्याने तर इन्सर्ट घेतलेलाही नसतो.

कामाची सुरुवात झाडण्यापासून

काम हातात घेण्यापूर्वी चिमणी झाडून घ्यावी. हे ज्याचे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे आणि त्याची पावती घ्यावी. वर्षानुवर्षे बंद असलेल्या चिमणीत पक्ष्यांची घरटी हमखास निघतात. कावळ्याच्या जातीचे जॅकडॉ पक्षी तर काटक्यांनी चिमणी हातहातभर भरून टाकतात. जुन्या कोळशाची काजळी लाकडाच्या धुराला लागली तरी धोकाच आणि पावसाच्या ओलीने तिच्यातली आम्ले बाहेर येऊन नवी स्टीलची नळी खातात ती वेगळी. म्हणून हे काम वरवरचे होऊ देऊ नये.

त्यानंतर पाहणी. वर छपरावर चिमणीचे डोके तपासावे. विटा सुटल्या आहेत का, वरचा सिमेंटचा उतार फुटला आहे का, कोणी तोंडावर फरशी टाकून ते बंद केले आहे का, हे पाहावे. खाली येताना प्रत्येक मजल्यावर चिमणीची भिंत जागेवर आहे याची खात्री करावी. आधीच्या एखाद्या मालकाने खोली मोठी करण्यासाठी खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची चिमणीची भिंत काढून टाकलेली असते आणि वरचे ओझे कशावर तोलले आहे याचा पत्ताच लागत नाही. असे आढळले तर हातोडी खाली ठेवून इंजिनिअरला बोलवावे.

मग धुराची परीक्षा. ही दोन प्रकारची असते आणि दोन्ही कराव्यात. पहिल्या परीक्षेत धुराची गोळी शेगडीत पेटवून धूर बिनबोभाट वर ओढला जातो की खोलीत परततो ते पाहतात. दुसरी गळतीची. चिमणी आधी थोडी गरम करून घ्यायची, धुराच्या गोळ्या पेटवायच्या, खालचे तोंड बंद करायचे आणि वरून धूर निघू लागला की वरचेही तोंड बंद करायचे. मग किमान पाच मिनिटे सगळ्या मजल्यांवर आणि माळ्यावर फिरून कुठे धूर झिरपतो का ते पाहायचे. शेजाऱ्याचे दार ठोठावून त्याच्याही खोल्या पाहू द्या म्हणावे. यात संकोच करू नये.

१९६५ च्या बांधकाम नियमांनंतर बांधलेल्या घरांत चिमणीला आतून पक्क्या मातीच्या नळ्यांचे अस्तर असते. त्याआधीच्या घरांत आतून नुसता चुन्याचा गिलावा असतो आणि शंभर वर्षांत तो बहुधा झडून गेलेला असतो. परीक्षेत चिमणी पूर्ण निर्दोष ठरली तर नवे अस्तर घातलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. तरीही वर सांगितलेले पोटाचे गणित लक्षात घेता, नऊ इंची जुन्या चिमणीत इन्सर्टसाठी नळी घालावीच, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्राहक म्हणेल की चिमणी तर ठीक आहे, कशाला खर्च? त्याला ८१ आणि २८ चा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

कोनाडा उघडताना

बाहेरून दिसते ती शेगडी मूळ कोनाड्यापेक्षा लहान असते. दर्शनी कोनाड्याचे इंग्रजी घरांतले नेहमीचे माप सोळा इंच रुंद आणि बावीस इंच उंच. काही ठिकाणी रुंदी अठरा इंच असते. आत मागच्या बाजूला भाजक्या मातीची एक वक्र पाठ बसवलेली असते आणि तिच्यामागे विटांचे तुकडे, चुना, राडारोडा भरलेला असतो. इन्सर्टसाठी सहसा ही पाठ फोडून काढावी लागते आणि मागचा राडारोडा पूर्ण उपसावा लागतो. धूळ इतकी निघते की खोलीतले सामान हलवल्याशिवाय सुरुवात करू नये. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, योग्य मास्कच हवा. पाठीच्या कडेने दोरीसारखी पांढरी-करडी वस्तू भरलेली दिसली तर ती ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही कामात ते असण्याची शक्यता धरावी. तिला हात न लावता आधी तपासणी करून घ्यावी.

लिंटेल ही दुसरी नाजूक जागा. पेटी मोठी घेतली म्हणून कोनाडा वाढवायचा झाला तर वरचा जुना लिंटेल किंवा विटांची कमान काढण्यापूर्वी वरच्या भिंतीला टेकू देणे आले. नव्या लिंटेलला दोन्ही बाजूंना सहा इंच टेकण ठेवावे. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीत तोडफोड करायची असेल तर १९९६ च्या सामाईक भिंतीच्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला आधी लेखी कळवावे लागते. शक्य असेल तिथे कोनाडा तसाच ठेवून त्यात बसणारी पेटी निवडायला सांगावे. ग्राहकाचे पैसे वाचतात आणि आपली जोखीमही.

कोनाड्याच्या आत कुठे लाकडाची खुंटी, फळीचा तुकडा, जुन्या फरशीखालची पट्टी राहिली असेल तर ती काढून टाकावी. जुन्या गवंड्यांनी पट्ट्या ठोकण्यासाठी विटांच्या सांध्यांत लाकडी खुंट्या मारून ठेवलेल्या असतात आणि त्या गिलाव्याखाली दिसत नाहीत. पेटी सतत तापत राहिली की असे लाकूड वर्षानुवर्षे भाजत जाते आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेतही पेट घेते.

लायनर नळी

या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. चिमणीच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत स्टीलची लवचीक नळी सोडतात. खालचे टोक पेटीला जोडायचे आणि वरचे चिमणीच्या डोक्यावर टांगायचे. लाकडासाठी नळी दुपदरी लागते, बाहेरून वळ्यांची आणि आतून गुळगुळीत. गॅसच्या शेगडीसाठी मिळणारी एकपदरी नळी दिसायला तशीच आणि बरीच स्वस्त असते. ती लाकडासाठी मुळीच वापरू नये. तिला लवकर भोके पडतात आणि ती चिमणीच्या पोटात असल्यामुळे कोणाला कळतही नाही. दुपदरी नळीतही ३१६ आणि ९०४ असे दोन दर्जे आहेत. ९०४ आम्लांपुढे जास्त टिकते. ग्राहक अधूनमधून धूररहित कोळसाही टाकणार असेल तर हाच दर्जा घ्यावा.

नळीचा व्यास पेटीच्या तोंडापेक्षा कधीही लहान नसावा. लाकडासाठी १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, हा नेहमीचा व्यास. कमी धुरासाठी मान्यता मिळालेल्या लहान पेट्यांना १२५ मिलिमीटर चालतो, पण आधी पेटीसोबतची पुस्तिका पाहावी. पेटीपासून चिमणीच्या टोकापर्यंत उंची साधारण साडेचार मीटर तरी हवी. त्याहून कमी असेल तर ओढ पुरत नाही.

नळी सोडण्यापूर्वी नळीपेक्षा किंचित मोठा गोळा दोरीला बांधून वरून खाली सोडतात. गोळा अडला नाही तर नळीही अडणार नाही. अडला तर चिमणीला वळण आहे किंवा चुन्याचा गठ्ठा पडला आहे हे समजावे आणि तिथे भिंत फोडून मोकळे करावे. जोर लावून नळी कोंबू नये. नंतर नळीच्या तोंडाला शंकूसारखी टोपी बसवून दोरी बांधायची, वरच्या माणसाने नळी सोडत जायची आणि खालच्याने दोरी ओढायची. वर जाण्यासाठी पक्की पहाड बांधावी. शिडीवर उभे राहून इतकी लांब नळी सांभाळणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि पहाडीचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरलेला असावा.

नळीच्या अंगावर बाण छापलेले असतात. ते धुराची दिशा दाखवतात, म्हणजे वर. नळी उलटी सोडली तर आतल्या पट्टीचे सांधे उलटे होतात आणि खाली ओघळणारे डांबर सांध्यांतून बाहेर पाझरते. एवढ्याशा चुकीसाठी सगळी नळी पुन्हा काढावी लागते. मधे कुठेही जोड देऊ नये. वळण असेल तर ते उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त नसावे. चिमणीत आधीच्या यंत्राची जुनी नळी असेल तर ती चांगली दिसते म्हणून ठेवून देऊ नये. नव्या पेटीला नवी नळी, हाच तिथला मान्य प्रघात आहे.

पेटीला नळी जोडताना खरी कसोटी लागते. इन्सर्ट कोनाड्यात घट्ट बसतो, त्यामुळे वर हात घालायला जागाच राहत नाही. काही पेट्यांत आतून, म्हणजे जळणाच्या जागेतून हात घालून नळीचा गळा खाली ओढून स्क्रू मारता येतात. काहींत नाही. तिथे चिमणीच्या भिंतीत वरच्या अंगाला एक खिडकी पाडून तिथून जोडणी करावी लागते आणि नंतर ती विटांनी बंद करावी लागते. कोणता प्रकार आहे हे पेटी विकत घेण्यापूर्वी पुस्तिकेत पाहिले तर ग्राहकाचा नवा रंग दिलेला दर्शनी भाग ऐनवेळी फोडायची पाळी येत नाही.

वरच्या टोकाला नळी पट्टीने पकडून टांगतात, चिमणीचे तोंड पत्र्याच्या तबकडीने बंद करून त्यावर मातीचे पॉट बसवतात, भोवती उताराचा माल लावतात आणि पावसापासून व पक्ष्यांपासून रक्षण करणारी टोपी चढवतात. खालच्या टोकालाही नळीभोवतीची मोकळी जागा न जळणाऱ्या पत्र्याने बंद करावी, नाहीतर खोलीची ऊब चिमणीत चढते आणि वरून काजळीचे तुकडे खाली पडत राहतात. नळी आणि विटा यांमधल्या पोकळीत व्हर्मिक्युलाईटचे दाणे भरले तर नळी गरम राहते आणि डांबर कमी बसते. भिंत बाहेरच्या बाजूला उघडी असेल तिथे हे अवश्य करावे. पेटीमागच्या जागेत मात्र काय भरायचे किंवा ती मोकळी ठेवायची हे कंपनीप्रमाणे बदलते. काही पेट्यांना मागे हवा खेळावी लागते, काहींना भरणी. इथे स्वतःची अक्कल चालवू नये.

ओटा, लाकडी पट्टी आणि हवा

पेटीखालचा आणि पुढचा ओटा न जळणाऱ्या मालाचा हवा. पेटी खालून १०० अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापत नाही असे कंपनीने लिहून दिले असेल तर १२ मिलिमीटर जाडीची फरशी पुरते. तसे लिहिलेले नसेल तर १२५ मिलिमीटर जाडीचा भरीव ओटाच पाहिजे. हा पक्का ओटा कोनाड्याच्या पुढे ५०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर बाहेर आलेला असावा. दिसणाऱ्या फरशीची कड पेटीच्या दारापासून किमान २२५ मिलिमीटर आणि दार उघडे ठेवून पेटवता येणारी पेटी असेल तर ३०० मिलिमीटर पुढे असावी. ही कड थोडी उंच ठेवावी, म्हणजे पुढच्या भाडेकरूला गालिचा कुठपर्यंत आणायचा ते न सांगता समजेल.

शेगडीवरची सुबक लाकडी पट्टी ग्राहकाला प्रिय असते. तिचे पेटीपासूनचे अंतर पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी असेल तर ती काढावी लागेल, हे त्याला आधीच सांगावे. कोनाड्याभोवती जिप्समचा गिलावा करू नये. उष्णतेने तो तडकतो आणि आठवड्याभरात फोन येतो. चुन्याचा किंवा उष्णता सोसणारा गिलावा वापरावा.

हवेचा हिशेब सोपा आहे. पेटी पाच किलोवॉटपर्यंत असेल तर जुन्या घरात फटींतून येणारी हवा सहसा पुरते. त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर कायमची उघडी जाळी लागते. आठ किलोवॉटच्या पेटीला तीन किलोवॉटचे १,६५० झाले. नव्या, फटी नसलेल्या घरात हा हिशेब पहिल्या किलोवॉटपासूनच करावा लागतो. जाळीला झाकण नसावे, कारण थंडीत लोक ते लावतात आणि विसरतात. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा असेल तर तो पूर्ण वेगाने चालू करून, दारे लावून, पेटी ओढते का ते पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे म्हणू नये. पंखा जोरदार असला की चिमणीतला धूर उलटा खोलीत येतो.

कार्बन मोनॉक्साईडचा इशारा देणारे यंत्र तर लावायचेच. इंग्लंडमध्ये २०१० पासून लाकूड-कोळशाची नवी पेटी बसवताना ते बंधनकारक आहे. छताला लावले तर भिंतीपासून ३०० मिलिमीटर दूर आणि पेटीपासून एक ते तीन मीटरच्या टप्प्यात. घरातल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले तर तो फ्लू नाही, हे काम सोपवताना घरातल्या माणसांना तोंडी सांगावे.

कागद आणि अंदाजपत्रक

असे काम सरकारी नोंदीत यावे लागते. हेटास किंवा तत्सम मान्यताप्राप्त योजनेत नोंदणी असलेला कारागीर स्वतः प्रमाणपत्र देऊ शकतो. नोंदणी नसलेल्याने नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला आधी कळवून त्यांची तपासणी करून घ्यायची. हा कागद नसेल तर घर विकताना वकील अडवतो आणि आग लागली तर विमा कंपनी हात वर करते. नळी कोणत्या दर्जाची, किती व्यासाची, कधी घातली हे लिहिलेली छोटी पट्टी घरात लावणेही नियमात आहे.

नुकत्याच गेलेल्या गवंड्याकडे ही नोंदणी नसते. त्याने निराश होण्याचे कारण नाही. कोनाडा, लिंटेल, ओटा, चिमणीचे डोके हे सगळे विटांचे काम आहे आणि नोंदणी असलेल्या अनेक फिटरांना ते स्वतः करायचे नसते. त्यांच्याशी जोडून घ्यावे. मात्र प्रमाणपत्रावर सही त्याची आणि जबाबदारीही त्याची, त्यामुळे विटांनी बंद होणारी प्रत्येक गोष्ट बंद होण्यापूर्वी त्याला दाखवावी आणि तिचे फोटो काढून ठेवावेत. वाद झाला तर हेच फोटो मजुरी मिळवून देतात.

भाव देताना एकगठ्ठा रक्कम सांगणे ही या धंद्यातली घातक सवय आहे. चिमणीच्या पोटात काय आहे हे झाडल्याशिवाय आणि धुराच्या परीक्षेशिवाय कोणालाच कळत नाही. दोन टप्प्यांत भाव द्यावा. आधी झाडणे, पाहणी व परीक्षा यांची ठरावीक रक्कम आणि निकाल पाहून बाकीच्या कामाचा भाव. नळी, पहाड आणि गवंडीकाम मिळून खर्च अनेकदा पेटीच्या किमतीपुढे जातो. हे आधी ऐकले तर ग्राहक विचार करतो, नंतर ऐकले तर भांडतो. जो ग्राहक नळीशिवायच पेटी आत ढकलून द्या म्हणतो त्याचे काम नाकारावे, दुसरा कोणी ते करील हे माहीत असूनही.

लाकडाच्या धुराबद्दल डॉक्टरांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. म्हणून शहरांच्या पुष्कळ भागांत धूरबंदीचे क्षेत्र आहे. तिथे मान्यताप्राप्त पेटीतच लाकूड जाळता येते आणि चिमणीतून धूर सोडणाऱ्याला इंग्लंडमध्ये १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. २०२२ च्या सुरुवातीपासून बाजारात येणाऱ्या नव्या पेट्यांना इकोडिझाइन हे धुराचे आणि कार्यक्षमतेचे माप पाळावे लागते. कोणी जुनी पेटी स्वस्तात आणून देत असेल तर त्या भागाचा नियम आधी तपासावा.

चांगली पेटी आणि चांगली नळीसुद्धा ओल्या लाकडापुढे हरते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. ते जळताना वाफ होऊन नळी थंड करते आणि डांबर चढते. ओल २० टक्क्यांच्या आत असावी. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी मोळी विकताना हीच मर्यादा बंधनकारक आहे. ओल मोजण्याचे हातात मावणारे यंत्र स्वस्त मिळते. लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूवर ते टेकवावे, बाहेरच्या सालीवर नाही.

काम संपले तरी लगेच मोठा जाळ करू देऊ नये. ओटा आणि उताराचा माल वाळू द्यावा, मग तीन-चार दिवस रोज थोडी थोडी लाकडे लावून पेटी हळूहळू तापवावी. पहिल्या एक-दोन वेळा पेटीवरच्या रंगाचा वास येतो, त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यानंतर लाकूड जळणाऱ्या मोसमात किमान दोनदा चिमणी झाडायची आणि ब्रश नळीतून सरळ वर जातो ना हे पहिल्या झाडणीच्या वेळी आपण स्वतः जाऊन पाहायचे.